कल्पना अर्धी चुकीची होती, तरी इन्सुलिन सापडलं: फ्रेडरिक बँटिंग यांची गोष्ट

१४ नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे बालदिन. शाळांमध्ये नेहरूंचे फोटो, गुलाबाची फुलं आणि मुलांची भाषणं. याच तारखेला जगभर मधुमेह दिनही पाळला जातो. त्या दिवसामागे मात्र वेगळी व्यक्ती आहे. १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, ॲलिस्टन गावाजवळच्या एका शेतावर फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. इन्सुलिनच्या शोधाशी नाव कायमचं जोडलं गेलेले ते हेच बँटिंग.

बालदिन आणि मधुमेह दिन एकाच तारखेला येणं हा निव्वळ योगायोग. पण बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शोधाने सगळ्यात आधी वाचवली ती लहान मुलंच. १९२२ च्या आधी ज्या मुलाला मधुमेह व्हायचा, ते मूल काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत जाणार, हे डॉक्टरांनाही माहीत असायचं आणि आईवडिलांनाही.

हे चित्र बदलणाऱ्या माणसाचा दवाखाना चालत नव्हता. संशोधनाचा त्याला जवळपास शून्य अनुभव होता. आणि ज्या कल्पनेवर त्याने सगळं पणाला लावलं, ती पुढे अर्धी चुकीची निघाली. मग हे जमलं कसं?

पहिल्याच वर्षी नापास

बँटिंग हे पाच भावंडांमधले सगळ्यात धाकटे. घरची शेती, गाईगुरं. अभ्यासात ते फार चमकले नाहीत. १९१० मध्ये टोरांटो विद्यापीठात कला शाखेत प्रवेश घेतला आणि पहिल्याच वर्षी नापास झाले. पुढे १९१२ मध्ये ते वैद्यकीय शाखेकडे वळले. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर सैन्याला डॉक्टर कमी पडू लागले. त्यामुळे त्यांच्या वर्गाचा अभ्यासक्रम घाईघाईत उरकण्यात आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये बँटिंग डॉक्टर होऊन थेट सैन्याच्या वैद्यकीय दलात गेले.

सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधल्या कॅम्ब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या उजव्या हातात घुसला. स्वतः जखमी असूनही ते इतर जखमींवर उपचार करत राहिले. त्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हा शौर्याचा सन्मान मिळाला.

महिन्याची कमाई चार डॉलर

युद्ध संपलं. बँटिंग यांनी टोरांटोतल्या मुलांच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलं, पण तिथे कायमची जागा मिळाली नाही. शेवटी जुलै १९२० मध्ये त्यांनी लंडन शहरात स्वतःचा दवाखाना उघडला. हे लंडन इंग्लंडमधलं नाही, ऑन्टारिओतलं त्याच नावाचं छोटं शहर.

दाराला पाटी लागली, पण रुग्ण येईनात. जवळजवळ महिनाभर कोणी फिरकलंच नाही. पहिल्या महिन्याची एकूण कमाई झाली चार डॉलर. घराचं कर्ज डोक्यावर होतं आणि ठरलेलं लग्नही डळमळू लागलं होतं. पैशांसाठी त्यांनी तिथल्या वेस्टर्न विद्यापीठात ताशी दोन डॉलरवर विद्यार्थ्यांना शिकवायचं काम घेतलं.

त्याच कामाचा भाग म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांच्यावर एक तास आला. विषय होता, शरीर साखर कशी वापरतं. शस्त्रक्रियेच्या या डॉक्टरला त्यातलं फारसं येत नव्हतं. म्हणून ते वाचायला बसले. आणि गोष्ट इथून फिरली.

पण त्या रात्री त्यांना काय सुचलं हे कळायचं असेल, तर आधी स्वादुपिंड समजून घ्यावं लागेल.

एकाच पिशवीत दोन दुकानं

आपल्या शरीरातल्या ग्रंथी दोन प्रकारच्या असतात. लाळेच्या, घामाच्या, अश्रूंच्या ग्रंथींना नळी असते. त्यांचा रस त्या नळीतून ठरलेल्या जागी जाऊन पडतो. लाळ तोंडात, घाम त्वचेवर. यांना बहिःस्रावी ग्रंथी म्हणतात.

दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना नळीच नसते. गळ्यातली थायरॉईड, मेंदूखाली लटकणारी वाटाण्याएवढी पिट्युटरी, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल, स्त्रियांमधली बीजांडं, पुरुषांमधली वृषणं, या सगळ्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात. या अंतःस्रावी ग्रंथी. त्यांच्या स्रावाला म्हणतात हार्मोन, मराठीत संप्रेरक.

हार्मोनचं काम गावातल्या दवंडीसारखं असतं. दवंडी सगळ्या गावाला ऐकू जाते, पण ज्याच्यासाठी निरोप आहे तोच हालचाल करतो. हार्मोनही रक्ताबरोबर शरीरभर फिरतं, पण ज्या पेशींवर ते ओळखणारी जागा असते, त्याच पेशी प्रतिसाद देतात. या जागेला ग्राही म्हणतात. हार्मोनचं प्रमाण अगदी किंचित असतं, तरी शरीराची वाढ, पाळी, भीती, भूक, झोप यांची सूत्रं बऱ्याच अंशी त्यांच्याकडे असतात.

ही कल्पना तेव्हा नवीच होती. १९०२ मध्ये लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी लहान आतड्यातून रक्तात सुटणारा सिक्रेटिन हा पदार्थ शोधला आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी हार्मोन हा शब्द वापरात आणला. म्हणजे बँटिंग वाचायला बसले तेव्हा हा शब्द जेमतेम पंधरा वर्षांचा होता.

आता स्वादुपिंड. पोटात जठरामागे आडवी पडलेली ही ग्रंथी दोन्ही कामं करते. तिचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो आणि तो नळीवाटे लहान आतड्यात सोडतो. पण याच भागात मधूनमधून पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. समुद्रात बेटं असावीत तसे. १८६९ मध्ये पॉल लांगरहान्स या बर्लिनमधल्या वैद्यकीय विद्यार्थ्याने ते पहिल्यांदा टिपले. पुंजके काय करतात हे मात्र त्यालाही कळलं नव्हतं.

१८८९ मध्ये स्ट्रासबर्गमध्ये ओस्कार मिन्कोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. कुत्र्याला मधुमेह झाला. पुढे हेही दिसलं की फक्त पाचकरसाची नळी बंद केली तर मधुमेह होत नाही. म्हणजे साखर ताब्यात ठेवणारा पदार्थ नळीतून नव्हे, तर थेट रक्तात जात होता. संशय त्या बेटांवर गेला. बेटाला लॅटिनमध्ये इन्सुला म्हणतात. न सापडलेल्या त्या पदार्थाला इन्सुलिन असं नावही काही शास्त्रज्ञांनी देऊन टाकलं होतं.

रक्तात फक्त चमचाभर साखर

निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साधारण ५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे चहाचा एक चमचा. जेवणानंतर भात-पोळीतून त्याच्या कित्येक पट ग्लुकोज रक्तात येतं, तरी ही पातळी थोड्याच वेळात जागेवर येते. हे काम इन्सुलिन करतं. साखर वाढली की बेटांमधल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. त्याच्या सांगण्यावरून स्नायू आणि चरबीच्या पेशी ग्लुकोज आत घेतात आणि यकृत उरलेलं साठवून ठेवतं. यकृत म्हणजे घरातली कणगी. पीक आलं की भरायची, टंचाईत उघडायची.

दोन जेवणांमध्ये साखर उतरू लागली की त्याच बेटांमधल्या अल्फा पेशी ग्लुकागॉन हे हार्मोन सोडतात. ते कणगी उघडायला लावतं. अचानक भीती वाटली किंवा साखर फारच खाली गेली, तर ॲड्रिनल ग्रंथींचं ॲड्रिनलिनही त्याच कामाला लागतं. छाती धडधडते, घाम फुटतो तो यामुळेच.

इन्सुलिन नसेल तर काय होतं? रक्तात साखरेचा पूर आणि पेशी उपाशी. जादा साखर लघवीवाटे जाऊ लागते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून सारखी लघवी आणि न भागणारी तहान. उपाशी शरीर मग स्वतःची चरबी जाळतं. त्यातून आम्लधर्मी पदार्थ साचतात, रक्त आम्लधर्मी होतं, श्वास वेगळाच वास सोडू लागतो, रुग्ण बेशुद्ध होतो आणि मरतो.

१९२० पर्यंत यावर एकच उपाय होता, उपासमार. अमेरिकेतले डॉक्टर फ्रेडरिक ॲलन यांनी तो नावारूपाला आणला होता. साखर वाढू नये म्हणून मुलांना दिवसाला चार-पाचशे कॅलरींवर ठेवलं जायचं. मुलं हाडांचा सापळा होईपर्यंत वाळायची, पण थोडी जास्त जगायची. तोवर एखादं औषध निघेल या आशेवर आईवडील मुलाच्या हातातला घास काढून घ्यायचे.

रात्री दोन वाजता लिहिलेल्या ओळी

३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री बँटिंग यांनी एका वैद्यकीय मासिकातला लेख वाचला. एका रुग्णाच्या स्वादुपिंडाची नळी खड्याने बंद झाली होती. पाचकरस बनवणाऱ्या पेशी सुकून गेल्या होत्या, पण बेटं बरीचशी शाबूत होती.

बँटिंग यांना झोप येईना. त्यांचा विचार असा होता. आजवर लोकांनी स्वादुपिंड वाटून अर्क काढला आणि तो फसला, कारण त्यातला पाचकरस बेटांमधला नाजूक पदार्थ पचवून टाकत असणार. मग कुत्र्याची नळी आधी बांधून टाकावी, पाचक पेशी मरू द्याव्यात, आणि उरलेल्या बेटांमधून अर्क काढावा. रात्री दोनच्या सुमारास त्यांनी हे वहीत चार ओळींत टिपून ठेवलं. घाईत मधुमेह या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंगही चुकलं.

नोव्हेंबरमध्ये ते टोरांटो विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक जॉन मॅक्लाउड यांना जाऊन भेटले. मॅक्लाउड स्कॉटलंडचे, साखरेच्या चयापचयातले जगभर मान्यता असलेले तज्ज्ञ. समोर बसलेल्या तरुण डॉक्टरचं या विषयातलं वाचन तोकडं आहे, हे त्यांना लगेच कळलं. पण नळी बांधून प्रयोग करायला शस्त्रक्रिया येणारा माणूस लागतो, आणि तो त्यांच्यासमोर होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामी पडणारी प्रयोगशाळा, १० कुत्री आणि एक मदतनीस द्यायला ते तयार झाले. पगार नाही.

एक उन्हाळा आणि बरीच कुत्री

१७ मे १९२१ रोजी काम सुरू झालं. मदतीला होते २२ वर्षांचे चार्ल्स बेस्ट. त्यांची पदवीची परीक्षा नुकतीच आटोपली होती. दोन विद्यार्थ्यांपैकी आधी कोणी यायचं, हे नाणं उडवून ठरल्याचं सांगतात. रक्तातली साखर मोजण्याचं तंत्र बेस्ट यांना येत होतं, बँटिंग यांना येत नव्हतं. महिनाभरात मॅक्लाउड सुट्टीसाठी स्कॉटलंडला निघून गेले.

सुरुवात वाईट झाली. उकाडा, कोंदट खोली, जखमांमध्ये होणारा संसर्ग. पहिल्या दोन आठवड्यांतच दहापैकी सात कुत्री मेली. आणखी कुत्री लागली, ती त्यांनी पदरच्या पैशांनी मिळवली. पैसे संपले तेव्हा बँटिंग यांनी आपली मोटार विकली.

३० जुलैला ४१० क्रमांकाच्या कुत्र्याला त्यांनी अर्क टोचला. तासाभरात त्याच्या रक्तातली साखर २०० वरून १२० वर आली. ते कुत्रं फार जगलं नाही, पण अर्कात काहीतरी आहे हे नक्की झालं. ऑगस्टमध्ये ९२ क्रमांकाची कुत्री स्वादुपिंडाशिवाय वीस दिवस जगली. बँटिंग यांना तिचा लळा लागला होता. तिच्या जाण्याचं दुःख त्यांनी पुढे अनेक वर्षांनी लिहून ठेवलं.

या कामात किती प्राण्यांचे जीव गेले, ते विसरता येत नाही. आज वापरली जाणारी इन्सुलिनची प्रत्येक सुई त्या उन्हाळ्यापर्यंत मागे जाते.

मग चुकलं कुठे?

नळी बांधायची, सात-आठ आठवडे थांबायचं आणि मग थेंबभर अर्क मिळवायचा, हे कधीच पुरं पडणार नव्हतं. इथे बँटिंग यांचं शेतकऱ्याघरचं ज्ञान कामी आलं. कत्तलीआधी गाई धष्टपुष्ट व्हाव्यात म्हणून त्या गाभण केल्या जातात, हे त्यांना माहीत होतं. पोटातल्या वासराच्या स्वादुपिंडात पाचकरस जवळजवळ नसतो, बेटं मात्र भरपूर असतात. नोव्हेंबरमध्ये त्यांनी कत्तलखान्यातून अशी स्वादुपिंडं आणली आणि अल्कोहोल वापरून अर्क काढला. तो लागू पडला.

त्यानंतर त्यांनी मोठ्या बैलाचं साधं, ताजं स्वादुपिंड घेतलं आणि त्याच पद्धतीने अर्क काढला. तोही लागू पडला.

म्हणजे नळी बांधायची गरजच नव्हती. स्वादुपिंडातले प्रथिनं पचवणारे रस आत असताना निष्क्रिय असतात, ते आतड्यात पोचल्यावरच कामाला लागतात. शिवाय थंड आम्लयुक्त अल्कोहोल वापरलं की त्यांचा त्रास टळतो. १९२२ च्या अखेरीस केंब्रिजच्या एका डॉक्टरने ही चूक छापून दाखवूनही दिली. ज्या कल्पनेने बँटिंग यांची झोप उडवली, ती मुळातच अनावश्यक होती. पण त्या कल्पनेशिवाय हा माणूस प्रयोगशाळेच्या दारात गेलाच नसता.

लेनर्डचे दोन दिवस

सप्टेंबरमध्ये परतलेल्या मॅक्लाउड यांच्याशी बँटिंग यांचा खटका उडाला. पगार हवा, खोली हवी, कुत्र्यांची देखभाल करायला माणूस हवा, नाहीतर मी चाललो, असा त्यांचा पवित्रा होता. यातलं बरंच मिळालं, पण मनं जुळली नाहीत. डिसेंबरमध्ये चौथा माणूस आला. जेम्स कॉलिप, अर्क शुद्ध करण्यात तरबेज असलेले जीवरसायनशास्त्रज्ञ.

टोरांटोच्या एका रुग्णालयात तेव्हा लेनर्ड थॉम्पसन हा १४ वर्षांचा मुलगा दाखल होता. वजन सुमारे ३० किलो. केस गळत होते, पोट फुगलं होतं, अंगात त्राण नव्हतं. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला बँटिंग आणि बेस्ट यांनी बनवलेला अर्क टोचण्यात आला. साखर थोडी उतरली, पण सुई टोचली तिथे गळू झालं. डॉक्टरांनी उपचार थांबवले.

कॉलिप रात्रंदिवस कामाला लागले. अल्कोहोलचं प्रमाण कमीजास्त केलं की कोणत्या टप्प्यावर नको असलेली प्रथिनं खाली बसतात आणि कोणत्या टप्प्यावर हवा तो पदार्थ सुटा होतो, हे त्यांनी शोधलं. २३ जानेवारीला लेनर्डला हा शुद्ध अर्क देण्यात आला. एका दिवसात त्याची साखर ५२० वरून १२० वर आली. गळू झालं नाही. पुढच्या दिवसांत तो उठून बसू लागला.

लेनर्ड त्यानंतर आणखी १३ वर्षं जगला. १९३५ मध्ये न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला.

कॉलिप यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. निरोगी सशांना हा अर्क जास्त दिला की त्यांना झटके यायचे, आणि ग्लुकोज दिलं की ते सावरायचे. साखर फार खाली जाणंही तितकंच धोक्याचं, हा आज इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला दिला जाणारा धडा तिथूनच सुरू झाला.

प्रयोगशाळेतली कॉलर

इतकं मोठं यश आलं, त्याच आठवड्यात चौघांमधलं भांडण टोकाला गेलं. शुद्ध अर्काची पद्धत सांगायला कॉलिप यांनी नकार दिला. बँटिंग यांनी त्यांची कॉलर धरली आणि बेस्ट यांनी मध्ये पडून त्यांना आवरलं, अशी आठवण पुढे नोंदवली गेली आहे. बँटिंग यांना वाटत होतं की आपला शोध आपल्या हातून काढून घेतला जातोय. २५ जानेवारीला एक लेखी करार झाला. कोणीही परस्पर पेटंट घ्यायचं नाही.

मग वेगळंच संकट आलं. मोठ्या प्रमाणावर अर्क बनवायला घेतला तेव्हा कॉलिप यांना तो जमेना. पुरवठा आटला. रुग्णालयाबाहेर आईवडील रांगा लावून, आणि बनवणाऱ्यांच्या हाती काही नाही. बँटिंग त्या महिन्यांत दारूकडे वळले होते. बेस्ट यांनी त्यांना समजावून परत कामावर आणलं. उन्हाळ्यापर्यंत पद्धत पुन्हा हाती आली आणि अमेरिकेतल्या एलाय लिली कंपनीशी उत्पादनासाठी करार झाला.

ऑगस्ट १९२२ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स एव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ बँटिंग यांच्याकडे उपचाराला आली. पंधरा वर्षांची मुलगी आणि वजन अवघं २० किलो. ॲलन यांच्या उपासमारीवर तिने तीन वर्षं काढली होती. इन्सुलिन सुरू झालं आणि ती जेवू लागली. पुढे तिचं लग्न झालं, मुलं झाली. ती १९८१ पर्यंत जगली. आयुष्यभरात तिने सुमारे ४२ हजार सुया घेतल्या.

पेटंटची किंमत

जानेवारी १९२३ मध्ये इन्सुलिनचं अमेरिकी पेटंट बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांच्या नावे मंजूर झालं. तिघांनी ते टोरांटो विद्यापीठाला विकलं. प्रत्येकाने घेतलेली किंमत होती एक डॉलर.

डॉक्टरने औषधाच्या शोधातून पैसे करू नयेत, असं बँटिंग यांचं मत होतं आणि सुरुवातीला पेटंटवर नाव द्यायलाच ते तयार नव्हते. पण पेटंट घेतलंच नाही तर दुसरं कोणीतरी घेईल आणि बाजार अडवून बसेल, हा धोका होता. म्हणून पेटंट घ्यायचं आणि ते विद्यापीठाच्या हाती द्यायचं, असा मार्ग निघाला. विद्यापीठाने औषधाच्या दर्जावर लक्ष ठेवलं आणि उत्पादनाचे परवाने दिले. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं या एका मुद्द्यावर एकत्र राहिली.

नोबेलचा राग

ऑक्टोबर १९२३ मध्ये नोबेल जाहीर झालं ते बँटिंग आणि मॅक्लाउड यांना. बँटिंग तेव्हा ३१ वर्षांचे होते. वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांच्याहून कमी वयात आजवर कोणालाही मिळालेलं नाही.

आनंदाऐवजी त्यांना संताप आला. मॅक्लाउड स्कॉटलंडला असताना आपण आणि बेस्ट यांनी काम केलं, मग बेस्ट यांचं नाव कुठे? ते पुरस्कार नाकारायच्या विचारात होते. समजूत घातल्यावर त्यांनी तो घेतला आणि आपली अर्धी रक्कम बेस्ट यांना देत असल्याचं जाहीर केलं. मग मॅक्लाउड यांनीही आपली अर्धी रक्कम कॉलिप यांना दिली.

श्रेय नक्की कोणाचं, हा वाद अजून मिटलेला नाही. बर्लिनचे गेऑर्ग झ्युल्झर यांनी बँटिंगच्या कितीतरी आधी रुग्णांवर असा अर्क वापरून पाहिला होता, पण दुष्परिणामांमुळे तो सोडावा लागला. रुमानियाचे निकोलाय पाउलेस्कू यांनी तर १९२१ मध्येच, टोरांटोच्या आधी, कुत्र्यांवरचे आपले निष्कर्ष छापले होते. टोरांटोच्या चौघांनी केलं ते हे की पदार्थ रुग्णाला टोचण्याइतका शुद्ध केला आणि लाखो लोकांपर्यंत पोचेल इतका बनवला. त्यात बँटिंग यांचा हट्ट, बेस्ट यांचे हात, मॅक्लाउड यांची शिस्त आणि कॉलिप यांचं रसायनशास्त्र, यातलं काहीही वजा केलं तर लेनर्ड वाचत नाही.

एकदाच वीज पडली

कॅनडाच्या संसदेने बँटिंग यांना वर्षाला साडेसात हजार डॉलरचं तहहयात मानधन दिलं. त्यांच्या नावाने संशोधन विभाग उघडला. १९३४ मध्ये ते सर झाले. पण देशाला आता त्यांच्याकडून पुढचा चमत्कार हवा होता, आणि तो आला नाही. ॲड्रिनल ग्रंथीचं हार्मोन मिळवायचा त्यांनी प्रयत्न केला, कर्करोगावर वर्षानुवर्षं काम केलं, पण हाती फारसं लागलं नाही. उलट कॉलिप यांनी पॅराथायरॉईड आणि पिट्युटरी ग्रंथींच्या हार्मोनवर महत्त्वाचं काम करून दाखवलं.

बँटिंग यांचं पहिलं लग्नही टिकलं नाही. कॅनडासारख्या तेव्हाच्या कर्मठ समाजात त्या घटस्फोटाचा वर्तमानपत्रांनी बराच बोभाटा केला. बँटिंग यांना विरंगुळा मिळायचा तो चित्रांमध्ये. नामवंत चित्रकार ए. वाय. जॅक्सन यांच्यासोबत ते थंडीत रंगपेटी घेऊन भटकायचे. १९२७ मध्ये दोघं आर्क्टिकपर्यंत जाऊन आले.

दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा गणवेशात आले आणि युद्धासाठीच्या वैद्यकीय संशोधनाची जबाबदारी त्यांनी घेतली. त्याच कामासाठी फेब्रुवारी १९४१ मध्ये ते विमानाने इंग्लंडला निघाले. निघण्याआधी मॉन्ट्रियलमध्ये ते कॉलिप यांना भेटले. ज्यांची कॉलर धरली होती, त्यांच्याशी आता मैत्री होती.

न्यूफाउंडलंडहून उडालेलं ते विमान इंजिन बंद पडल्याने मस्ग्रेव्ह हार्बरजवळ कोसळलं. वैमानिक वाचला. गंभीर जखमी झालेल्या बँटिंग यांचा २१ फेब्रुवारी १९४१ रोजी मृत्यू झाला. वय ४९.

अजूनही जळणारी ज्योत

इन्सुलिनने मधुमेह बरा होत नाही. ज्या शरीरात ते बनत नाही, तिथे ते बाहेरून द्यावं लागतं, रोज, जन्मभर. लहानपणी होणाऱ्या टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी नष्ट करते, म्हणून इन्सुलिनला पर्याय नाही. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं, पण पेशी त्याची दवंडी नीट ऐकत नाहीत आणि कालांतराने स्वादुपिंडही थकतं. तिथे आहार, व्यायाम आणि गोळ्या यांच्यावर अनेकांचं भागतं, काहींना सुई लागते.

इन्सुलिन हे प्रथिन असल्याने तोंडावाटे घेतलं तर पोटात पचून जातं, म्हणून सुई. अनेक दशकं ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून यायचं. १९८२ पासून जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. पुढे नवे प्रकार आले, नवी पेटंटं आली, आणि एक डॉलरला दिलेलं हे औषध खुद्द अमेरिकेत अनेकांना परवडेनासं झालं. लोक डोस वाचवून वाचवून घेऊ लागले. आरडाओरड झाल्यावर २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांना तिथे किमती उतरवाव्या लागल्या.

ऑन्टारिओतल्या लंडनमध्ये बँटिंग यांचं ते घर आज संग्रहालय आहे. बाहेर १९८९ पासून एक ज्योत पेटती ठेवली आहे. मधुमेह पूर्ण बरा करणारा उपाय सापडेल, त्या दिवशी ती विझवायची, असं ठरलंय.

तोवर शाळेच्या दप्तरात डब्याशेजारी इन्सुलिनचं पेन घेऊन जाणारं प्रत्येक मूल ही या गोष्टीची पुढची ओळ आहे. शंभर वर्षांपूर्वी त्याच्या हातातून घास काढून घेतला गेला असता. आज ते सुई टोचतं आणि डबा उघडतं.